लिलींभोवतीचे जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. जन्म मासळीसाठी झाला, आयुष्य मात्र फुलांपाशी गेले. जपानमधल्या कोशिकी बेटावरच्या गेन्पेई नावाच्या मच्छीमाराने मला एका हिवाळ्यात विणले. माझी प्रत्येक गाठ त्याच्या हातची. सात वर्षे मी त्याच्या होडीत होते. मासळी भरून आली की तो मला थोपटायचा.

मग एका सकाळी धुक्यातून होडी एकटीच किनाऱ्याला लागली. मी अर्धे पाण्यात लोंबत होते. माझ्या फासात त्याचा रबरी बूट अडकला होता. फक्त बूट.

"वहिनी, जाळून टाका ते. दादाला गिळलंय त्यानं," धाकटा भाऊ कुनिझो म्हणाला.

"त्यांच्या हातच्या गाठी आहेत त्यात, भाऊजी. असू द्या," गेन्पेईची बायको मात्सुए म्हणाली.

घरामागच्या कड्यावर रानलिली फुलतात. गुलाबी, पाडसाच्या अंगावर असतात तशा ठिपक्यांच्या. शिवाय अंगणातही गेन्पेईने लावलेल्या होत्या. हरणे डोंगरातून उतरून कळ्या देठासकट फस्त करत. मात्सुएने बांबू रोवून मला कड्यापासून अंगणापर्यंत ताणून बांधले. त्या उन्हाळ्यात एकही कळी गेली नाही. येणारे-जाणारे माझे कौतुक करत. वारा सुटला की मला मात्र गेन्पेईच्या अडकलेल्या पायाचा हिसका जाणवायचा. तो कधीच थांबला नाही.

वर्षे गेली. मात्सुएचे गुडघे थकले. बांबू कुजले, मी सैल पडले. कुणी पाहिले नाही.

यंदाच्या जुलैत, उजाडता उजाडता, एका नर हरणाची शिंगे माझ्यात गुंतली. ते जितके झटके देई, तितके मी आवळत होते. मला थांबता येईना. तोच हिसका, मित्रांनो, अगदी तोच.

मात्सुए कोयती घेऊन धापा टाकत आली. मागोमाग कुनिझो.

"वहिनी, मागं व्हा! त्याच्यासाठी दादाचं जाळं कापणार? निम्म्या लिली खाल्ल्यात मेल्यानं!"

"त्या दिवशी होडीवर कापायला दुसरं कुणी नव्हतं, भाऊजी. आज मी आहे. धरा त्याचं डोकं."

गेन्पेईच्या गाठी एकेक करून तुटल्या. हरीण धडपडत उठले आणि धुक्यात नाहीसे झाले. माझा एक तुकडा त्याच्या शिंगांतच राहिला.

उरलेल्या मला कुनिझोने नव्या खांबांवर घट्ट बांधले आहे. दर रविवारी तो ताण तपासतो. लिली सुखरूप आहेत. पण शिंगे गळेपर्यंत माझा तो तुकडा डोंगरात फिरत राहणार. कुठे झुडपाला अडकला, की इथे माझ्या गाठी आवळतात.

मित्रांनो, फुले जरूर जपा. पण कुंपण घातले म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. मला ताणून ठेवा, नाहीतर सोडून गुंडाळून ठेवा. सैल पडलेल्या जाळ्याला कुणालाही नको म्हणता येत नाही.