उलटी चढवलेली दोरी

मला पाहिलं की लोक आधी भिंतीवर खुंटी शोधतात. अहो, थांबा जरा! मी शोभेची वस्तू नाही, मी धनुष्य आहे. मेपलच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, दोन्ही अंगांना फायबरग्लास चढवून आणि मधे गडद लाकडाची मूठ बसवून अमेरिकेत, मिशिगनमधल्या एका छोट्या कारखान्यात मला घडवलं. त्या काळी आमच्याकडे गावोगावी नेमबाजीचे क्लब होते आणि माझ्यासारख्यांना भारी मान होता.

माझी दोन्ही टोकं पुढे वळलेली आहेत. त्यामुळे दोरी काढली की मी भलत्याच बाजूला वाकलेला दिसतो. दोरी चढवायची ती मला त्या वळणाच्या विरुद्ध वाकवून. माझा सगळा जोर त्यातूनच येतो. पण नवख्या माणसाला हे काही केल्या पटत नाही.

मला विकत घेतलं आइलीने. उत्तरेकडच्या खाणींच्या गावातली ही फिनलंडहून आलेल्या घरातली पोर, बोलायला तुटक आणि हाताला पक्की. रविवारी क्लबातली मंडळी जंगलात जायची, झाडांमधे गवताचे भारे मांडून नेम धरायची. खेळ संपला की बाकीचे आधी कॉफीकडे धावायचे. आइली मात्र आधी माझी दोरी उतरवायची. धनुष्य गाडीत तसंच ताणलेलं टाकणाऱ्या पुरुषांना ती चारचौघांत झापायची. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

पुढे तिचा उजवा खांदा गेला. मग मी कपाटात आडवा पडून राहिलो. तरी दर हिवाळ्यात ती मला बाहेर काढून पुसायची, दोरीला मेण लावायची आणि परत ठेवून द्यायची. नवरा गेला, हात थकले, आणि मुलगी कार्ला म्हणाली की आता हे घर पुरे, माझ्या शहरातल्या घरी चल, तिथे तुला काडीचंही काम पडणार नाही. आइली हो म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं, हे मला स्वयंपाकघरातल्या बोलण्यावरून कळत होतं.

जूनमधे अंगणात टेबलं मांडून घरातलं सामान विकायला काढलं. मीही त्यात होतो. कार्लाने मला परस्पर ड्वेनला कबूल करून टाकलं होतं. ड्वेनचा नाक्यावर बार आहे, तिथे भिंतीभर पेंढा भरलेली हरणांची मुंडकी आहेत आणि त्यांच्यामधली एक जागा रिकामी होती. आइलीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की ज्याला दोरी चढवता येईल त्यालाच मी हे देईन. आणि ती कॉफी आणायला आत गेली.

मला दोरी चढवणं म्हणजे काही शिवधनुष्य पेलणं नव्हे, पण रीत माहीत हवी. ड्वेनने मला गुडघ्यावर घेतलं आणि ज्या बाजूला मी आधीच वाकलेलो होतो, त्याच बाजूला आणखी वाकवलं. माझ्या पाठीत अशी कळ गेली की वाटलं, संपलो. चिकटलेल्या पट्ट्या आतून कुरकुरल्या. ड्वेन मला उंच धरून सगळ्यांना दाखवत होता.

कॉफी घेऊन आलेली आइली किटली दारातच ठेवून पुढे झाली.

"ड्वेन, उलटी चढवलीस. पँटही अशीच घालतोस का रे?"

लोक हसले, तोही हसला. मनाचा वाईट नाही तो.

"असू दे की काकू. भिंतीला काय कळतंय?"

आइलीने त्याच्या हातातून मला काढून घेतलं आणि तो व्यवहार तिथेच मोडला. कार्ला चिडली, दिलेल्या शब्दाचं काय म्हणाली. आइलीने तिकडे लक्षच दिलं नाही.

तेवढ्यात शाळेची बस चालवणारी मार्लिस पुढे आली. मघापासून ती नुसती पाहत होती. "काकू, मला यातलं काहीच येत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही दाखवलंत तर शिकेन."

आइलीने दोरी उतरवली. मग औषधाच्या गोळ्यांच्या बाटलीतला कापूस घेऊन माझ्या अंगावरून सावकाश फिरवला. कुठे चीर पडली असती, तर कापसाचा धागा अडकला असता. माझा जीव टांगणीला लागला होता. धागा अडकला असता तर मी कुणाच्याच कामाचा उरलो नसतो, मग भिंतच नशिबात होती. कापूस टोकापर्यंत सरळ गेला.

मग दोरी सुलटी कशी चढवायची ते सांगत तिने मार्लिसकडून ती चढवून घेतली. थोडा वेळ मला तसंच राहू दिलं, मग थोडं थोडं ओढायला लावलं. मार्लिसचा पहिला बाण भाजीच्या वाफ्यात घुसला.

"कोपर वर घे. बस चालवत नाहीयेस तू."

दुसरा बाण गवताच्या भाऱ्याच्या कडेला रुतला. किती वर्षांनी अंगातून तो थरार गेला, काय सांगू! आइली डोळे मिटून दोरीचा आवाज ऐकत होती.

मार्लिस म्हणाली, "एकटीने घरी नेलं तर मी याचं वाटोळं करीन. रविवारी शिकवायला याल का? मी गाडी घेऊन शहरात येईन."

"आईला आता आराम करू दे," कार्ला म्हणाली. "आणि रविवारी आमच्याकडे जेवायला माणसं येतात."

आइली माझी दोरी उतरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "येऊ देत त्यांना. रविवारी मला काम आहे."

आता मी मार्लिसकडे असतो. माझं लाकूड जुनं आहे, डिंकही तेवढाच जुना. कधीतरी पुरा ताणलेला असतानाच मी कडाडून मोडेन, हे मला माहीत आहे, आइलीलाही माहीत आहे. बाबांनो, मोडायचंच असेल तर मला हातात मोडू द्या, एवढंच माझं मागणं आहे. आइलीचंही बहुधा तेच असावं. ती तसं कधी बोलत नाही, पण रविवारी गाडी यायच्या कितीतरी आधी ती बूट घालून कार्लाच्या दारात उभी असते.