चेरीच्या रंगाची सीट

“पाच वाजेपर्यंत सांग. पाचनंतर मी दुसऱ्याला फोन करणार,” बोद्रोगी म्हणाला, आणि आमच्या बेतायच्या टेबलावर, कापडाच्या घडीवरच, त्यानं आपली टोपी ठेवली.

देझोकाकांनी आधी टोपी उचलून त्याच्या हातात दिली. मग खडू कानामागे खोचला आणि म्हणाले, “नको.”

“अरे, विचार तरी कर! अकरा वर्षं थांबलायस. वार्टबुर्ग आहे, चार दारांची, नवी कोरी. ज्याची होती तो गेला, आणि पोरांचं आपापसांत पटेना म्हणून परत आली. तुझं नाव मी वर सरकवतो.”

“आणि लाडा गाडीच्या यादीतून?”

“तिथून कटणार. दोन दोन गाड्या कुणाला मिळतात?”

“मग नकोच. कव्हरं लाडाची बेतलीत. वार्टबुर्गला बसायची नाहीत.”

बोद्रोगी माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काकांची आई आहे आणि मुलाला समजावणार आहे. मी मशीनवरून मान वर केली नाही. हा बोद्रोगी गाड्यांच्या सरकारी डेपोत होता, आणि नवी गाडी कुणाला कधी मिळणार ते तिथंच ठरायचं. आमच्या सोल्नोकमध्ये लोक बायकोशी भांडण काढत, पण बोद्रोगीला दुखवत नसत. त्यानं आपणहून गाडी देऊ करावी आणि समोरच्यानं नको म्हणावं, हे त्याच्या उभ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत असावं. काकांनी त्याच्या गाडीला शिवून दिलेली कव्हरं सात वर्षांत एका टाक्यालाही उसवली नव्हती, त्याची ही परतफेड होती. तो टोपी घालून तणतणत निघून गेला.

“काकूंना विचारायचं तरी,” मी म्हणाले.

“विचारायचं काय त्यात? त्या गाडीत धूर किती येतो माहिताय ना तुला?” काकांनी कात्री उचलली. “आठशे नंबर राहिलेत फक्त, यूली. पुढच्या उन्हाळ्यात आपली येतेय.”

ही १९८३च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आमची नऊ जणांची सहकारी संस्था होती, आणि आम्ही गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचो. धंदा जोरात होता, त्याला कारण डेपो. गाडीसाठी नाव घातलं की माणूस दहा-बारा वर्षं शनिवारच्या वर्तमानपत्रात नंबर कुठवर आला ते बघत बसायचा. अर्जावर रंगासाठी तीन ओळी असायच्या. शहाणी माणसं तिन्ही ओळींत ‘कुठलाही’ लिहायची, कारण रंगाचा हट्ट धरला की नंबर मागे पडायचा. आमच्या दातांच्या डॉक्टरांना पांढरी हवी होती, त्यांना कढीच्या रंगाची मिळाली. त्यांनी हात जोडून ती घेतली आणि तशीच आमच्याकडे आणली. बाहेरून गाडी डेपोची, आतून मात्र आपली. मग आत काय काय चालायचं! कुणाला मेंढीचं कातडं, कुणाला लाकडी मण्यांचं कव्हर. कुणी गिअरच्या मुठीत काचेतला गुलाब बसवायचं, कुणाची आई मागच्या काचेपाशी क्रोशाची उशी ठेवून जायची. अकरा वर्षं तोंड दाबून थांबलेली माणसं कव्हराच्या कडेच्या गोटाचा रंग ठरवायला अख्खी दुपार घालवायची. मला कधी कधी वैताग यायचा. देझोकाकांना कधीच आला नाही. चाळीस नमुने ते पुन्हा पुन्हा मांडायचे आणि म्हणायचे, “बघा, सावकाश बघा. इथं तुमचंच चालतं.”

त्यांचं स्वतःचं कापड सहा वर्षांपूर्वीच ठरलं होतं. गावातल्या नाट्यगृहाचा पडदा बदलला तेव्हा उरलेली मखमल काकांनी आणली होती, दोन रंगांत, निळी आणि गडद लाल. विल्माकाकूंनी लाल घेतली. दिसायला छान म्हणून नव्हे. त्यांची बहीण तेर्का फोल्ड्वारला राहायची, तिच्या अंगणात आंबट चेरीचं झाड होतं. “जूनमध्ये चेऱ्या काढायला जायचं म्हणजे येताना टोपली मांडीवर,” काकू म्हणाल्या होत्या. “डाग पडणारच. मग कापडच चेरीचं घेऊ.”

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तिथल्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरल्या आणि उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण खुबा आखडला तो आखडलाच. बसताना अंग उजवीकडे कलायचं, मग पाठ धरायची. बसच्या उंच पायऱ्या चढवायला कंडक्टर त्यांना काखेत हात घालून वर ओढायचा. एकदा तो मागच्यांना म्हणाला, “थांबा, आधी पोतं चढवू द्या.” बस हसली. काकूही हसल्या, आणि त्यानंतर फोल्ड्वारला गेल्या नाहीत. चेऱ्या बरणीत भरून यायला लागल्या.

म्हणून काकांनी भंगारातून लाडाची पुढची सीट आणली आणि स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, लाकडी चौकटीवर ठेवली. काकू तिच्यावर बसून बटाटे सोलायच्या आणि काका समोरच्या स्टुलावर बसून त्यांची पाठ बघायचे. मग कव्हर उसवायचे, उजव्या बाजूला घोड्याच्या केसांचा एक थर वाढवायचे, पुन्हा शिवायचे. सहा वर्षं हेच. शेवटी उजवी बाजू डावीपेक्षा चार बोटं उंच झाली, तेव्हा कुठे काकू सरळ बसल्या. दुसरं कुणी बसलं तर डावीकडे घसरायचं. मी एकदा बसले आणि हातातली कॉफी सांडली.

त्या सीटवर बसल्या की काकू विचारायच्या, “कुठवर आलो, देझो?”

“राकोत्सीफाल्वा गेलं मागं,” काका स्टुलावरून फोल्ड्वारच्या वाटेवरची गावं सांगायचे. “आता मार्टफू येईल. खिडकी लाव, चपलांच्या कारखान्याचा वास येतोय.”

मी तिथं असले की मला हसू यायचं आणि थोडं रडूही यायचं.

डिसेंबरात मी त्यांच्याकडे खसखस द्यायला गेले. काका घरी नव्हते. काकू सीटवर बसून नाताळच्या रोलसाठी अक्रोड फोडत होत्या.

“यूली, त्या वार्टबुर्गचं मला कळलंय,” त्या एकदम म्हणाल्या. “बोद्रोगीची बायको भाजीच्या रांगेत बोलली. तिला वाटलं मला ठाऊक असणार.”

मी खसखशीची पुडी टेबलावर ठेवली. “काका म्हणाले, कव्हरं...”

“कव्हरं बसली नसती, हो. त्यांनी दोन संध्याकाळी बसून नवी बेतली असती, एवढं मला कळतं. त्यांनाही कळतं.” त्यांनी एक अक्रोड फोडला. आत काळा निघाला, तो टाकला. “मी धुराच्या गाडीतनं गेले असते गं. लाकडाच्या फळीवर बसूनसुद्धा गेले असते. आता रात्री खोकला येतो तो मला आवडत नाही.”

“मग सांगा ना त्यांना! मी बोद्रोगीला—”

“ती गाडी गेली कुणाला तरी. आणि हे बघ, त्यांना काही बोलायचं नाही. सहा वर्षं माझ्या कंबरेवर शिवलंय त्या माणसानं. त्यांना ते गाडीत बसलेलं बघायचंय. बघू देत.” मग हसून म्हणाल्या, “पुरुषमाणूस आहे. कापड बेतलं की गाडीनं त्याच्या मापाचं व्हावं, असं वाटतं त्याला.”

फेब्रुवारीत काकूंची छाती भरली, आणि त्या नवव्या दिवशी गेल्या.

काकांनी तिसऱ्या दिवसापासून कामावर यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला चाळीस नमुने मांडून दाखवत, फक्त “सावकाश बघा” म्हणत नसत. शनिवारचं वर्तमानपत्र मी मुद्दाम असं दुमडून ठेवायचे, की नंबरांचं पान त्यांना दिसू नये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डेपोचं कार्ड आलं. मला वाटलं, आता ते नको म्हणतील.

“उद्या येशील का माझ्याबरोबर?” त्यांनी विचारलं. “कव्हर ताणून धरायला दुसरं माणूस लागतं.”

डेपोच्या अंगणात गाड्यांची रांग उभी होती. काकांच्या वाट्याला मोहरीच्या रंगाची आली, आत तपकिरी रेक्झिन, त्यावर प्लास्टिक. लोक आपापल्या गाडीचे दिवे, दारं, जॅक तपासत होते. काकांनी त्यातलं काहीच बघितलं नाही. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो; त्यांनी पुढचं उजवं, काकूंच्या बाजूचं दार उघडलं, प्लास्टिक फाडलं आणि पिशवीतून घोड्याच्या केसांची ती तिरपी गादी काढली. चुलीशेजारच्या सीटवरून ती त्यांनी आदल्या दिवशी उसवून काढली होती.

दोन तास लागले. पहारेकरी ओरडत आला, “ए आजोबा, हे काय शिवणाचं दुकान आहे? गाडी बाहेर काढा!” तेवढ्यात बोद्रोगी आला. त्यानं पहारेकऱ्याला हातानंच घालवलं आणि आमच्यापाशी उभा राहिला. मोहरीच्या गाडीत ती लाल मखमल अगदी विजोड दिसत होती. पण बसली होती अशी, की कुठं एक सुरकुती नाही.

“तेव्हाच घेतली असतीस, देझो, तर...” बोद्रोगीनं सुरुवात केली, आणि मग खाली बघत म्हणाला, “चांगली बसलीत.”

डेपोच्या फाटकाबाहेर नेहमीसारखे ते लोक उभे होते, ज्यांना बारा वर्षं थांबायचं नव्हतं आणि ज्यांच्याकडे पैसा होता. आमच्याकडे रांगेतून सुटलेली गाडी किमतीच्या दीडपट जायची. चामड्याचं जाकीट घातलेल्या एकानं गाडी अडवली, “आजोबा, उतरा, इथंच सौदा करू” म्हणत दार उघडलं, आणि मी कव्हरांच्या पिशव्या घेऊन मागे बसले होते म्हणून पुढं रिकाम्या असलेल्या सीटवर तो धपकन बसला. बसला तो काकांच्या खांद्यावरच आला.

“अरे, ही वाकडी आहे! कुणी शिवलीय?”

“मी,” काका म्हणाले. “सीट बरोबर आहे. तुम्ही तिच्यावर बसायला नको होतं. उतरा.”

त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा प्रथम ऐकला. तो उतरला. थोडं पुढं गेल्यावर काकांनी गाडी कडेला घेतली.

“पुढं ये, यूली.”

“मी मागंच बरी आहे, काका. पाय पसरता येतात.”

“ये. नवीन काम आहे, बसल्याशिवाय मऊ व्हायचं नाही.”

मी पुढं बसले आणि डावीकडे घसरले. दाराचं हँडल घट्ट धरून सरळ राहायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. तशीच त्यांच्याकडे कलून बसले. काका दोन्ही हातांनी चक्र धरून, चाळीसच्या वेगानं, गाढवाच्या गाडीलासुद्धा वाट देत चालवत होते. कुठं जायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. राकोत्सीफाल्वा मागं पडलं. मार्टफूच्या अलीकडे चामड्याचा आणि गोंदाचा वास आला, आणि मी खिडकी लावली. काकांनी ते बघितलं.

त्यांनी मार्टफू मागं टाकलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “मी तेव्हा तिला विचारायला हवं होतं ना?”

काकूंचे शब्द माझ्या जिभेवर होते. अक्रोड, खोकला, लाकडाची फळी, सगळं. सहा महिने मी ते सांभाळत होते, आणि वाटायचं की एक दिवस सांगून टाकलं पाहिजे, त्यांचा तो हक्क आहे. आजही मला नीट सांगता येणार नाही की मी बरोबर केलं की चूक.

“काकूंना कव्हरं अशी बसलेली बघायला आवडलं असतं,” मी म्हणाले. एवढं तरी खरं होतं.

त्यांनी मान हलवली. ते मनापासून पटलं म्हणून की मला अडचणीतून सोडवावं म्हणून, कळलं नाही.

फोल्ड्वारला तेर्का फाटकातच उभी होती. मोहरीच्या रंगाची गाडी बघून तिनं तोंड वाकडं केलं, मग दारातून आत डोकावली आणि तोंडाला एप्रनचं टोक लावलं. रडून झाल्यावर तिनं आम्हाला जेवायला घातलं, आणि निघताना चेऱ्यांची टोपली आणली, काठोकाठ भरलेली, तळातून रस ठिबकत असलेली. मी ती घेऊन मागची डिकी उघडायला लागले.

“पुढं ठेव,” काका म्हणाले. “सीटवर.”

“काका, डाग पडेल! आत्ताच तर बसवलंय सगळं.”

“पडू दे. रंग त्याचसाठी घेतलाय तिनं.”

मी टोपली सीटवर ठेवली आणि मागे जाऊन बसले. टोपली डावीकडे, काकांकडे कलली. दोन-तीन चेऱ्या निसटून त्यांच्या बाजूला आल्या. त्यांनी त्या उचलून परत वर ठेवल्या, टोपलीला पट्टा लावला, आणि गाडी सुरू केली.