हवालदारांचा कोटा

जोतीरामने कँटीनचं कार्ड खिडकीतून आत सरकवलं आणि कारकुनाने उचलण्याआधीच पुन्हा बाहेर ओढलं.

"काय झालं, हवालदार? रम का व्हिस्की, बोला."

साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमध्ये दारूच्या खिडकीसमोर वीसेक निवृत्त फौजी उभे होते. बाहेर जीपमध्ये मेहुणा भाऊसो वाट पाहत होता. त्याच्या मुलाची हळद परवावर आलेली. महिन्याचा अख्खा कोटा त्याला देण्याचा शब्द जोतीरामने दिला होता.

जोतीराम कार्डाकडे पाहत राहिला.

*

जानेवारीत म्हसवडजवळच्या त्याच्या गावात शाळेने त्याला झेंडावंदनाला बोलावलं होतं. सकाळी सातलाच तो पिऊन गेला. दोरी ओढताना हात असे कापले की झेंडा निम्म्यावर अडकला. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्या हातातून दोरी घेतली. सॅल्यूट मात्र त्याने केला, तोही झुलत.

चार दिवसांनी घरी बायकोने, अंजनाने, एक चिठ्ठी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. मिरजेच्या दवाखान्यातल्या फळ्यावरून तिने दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा फोन नंबर उतरवून आणला होता.

*

मिरज. गुरुवारची संध्याकाळ, शाळेची एक खोली, बारा खुर्च्या. त्याची पाळी आली तेव्हा जोतीराम सावधान उभा राहिला आणि नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं खणखणीत सांगून मोकळा झाला.

कुणी हसलं नाही.

"नुसतं जोतीराम पुरे," तंबोरे बनवणारे नारायणराव म्हणाले. "बसा. चहा येतोय."

*

पुढच्या गुरुवारांत त्याने काय काय सांगितलं: झेंडा. अंजनाच्या कपाळावरची खूण. सुटीवर आला की बाप घरात असेपर्यंत देवळात जाऊन बसणारी लेक.

काय सांगितलं नाही: कोटा.

कारण कोटा तो अजून उचलत होता. स्वतः एक थेंब घेत नव्हता. बाटल्या पाहुण्यांना, पंचायतीतल्या मंडळींना जात. गावात लग्नाची पहिली पत्रिका त्याच्या घरी यायची. तो आला की कट्ट्यावरची माणसं सरकून जागा करायची. ती जागा नेमकी कुणाला मिळते, हवालदाराला की बाटलीला, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मागच्या गुरुवारी ते तोंडातून निघून गेलं. मग नारायणराव स्वतःचंच सांगू लागले. तंबोऱ्याच्या पॉलिशला लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. दिवसभर हाताला तो वास. दारू सोडल्यावर त्यांनी पॉलिशचं काम पुतण्याला देऊन टाकलं. त्यांचं निम्मं नाव त्या पॉलिशवर होतं. आता गिऱ्हाइकं म्हणतात, म्हाताऱ्याचा हात उतरला.

"मग तुमी काय म्हणता त्यास्नी?" जोतीरामने विचारलं.

"काही नाही. तारा जुळवून हातात देतो."

*

"हवालदार, मुहूर्त बघताय का?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. सगळ्यांत मोठा आवाज सुभेदार पृथ्वीराज यांचा. जोतीरामने त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली होती.

जोतीरामने कार्ड खिशात घातलं.

"कोटा नको," तो कारकुनाला म्हणाला. "ह्या महिन्यात न्हाई, फुडं बी न्हाई."

"तब्येत बिघडली का?"

"उलट. मी दारू सोडली हाय. अकरा महिनं झालं."

गावात, पाहुण्यांत, कुठेच हे वाक्य त्याने उच्चारलं नव्हतं. म्हणताना आवाज चढला नाही की कापला नाही. मागचा एकजण म्हणाला, आपली सोडली तर सोडा, आमची का सोडता? या वेळी हशा अर्धवटच राहिला. जोतीराम वळला आणि अख्ख्या रांगेसमोरून, घाई न करता, बाहेर आला.

रिकामे हात बघून भाऊसो जीपमधून उतरलाच नाही. आधी त्याला गंमत वाटली, मग खरं वाटलं.

"हळदीला आलेली माणसं काय ताक पित्यात, दाजी?"

"कोटा न्हाई, भाऊसो. मी सकाळपास्नं येतो. मांडव घालू लागतो, वाढायला उभा राहतो."

"वाढप्ये लय हायत," भाऊसो म्हणाला आणि जीप सुरू केली.

जीप फाटकाबाहेर गेली. कट्ट्यावरची ती जागा आता कदाचित राहणार नव्हती. म्हसवडची एसटी कितीला असेल याचा जोतीराम विचार करत होता. पाठ मात्र ताठ होती. त्याची त्यालाच ती जाणवत होती.

"जोतीराम."

मागे सुभेदारसाहेब उभे होते. त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. साहेबांनी आधी हवापाण्याची चौकशी केली, मग उसाची. मग बुटाच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत राहिले.

"अकरा महिनं म्हणालास. एकट्यानंच?"

"न्हाई, साब. मिरजेत बसतो आमी. दर गुरुवारी, पाच वाजता."

"कोण कोण असतं?"

"सगळी आपल्यासारखीच."

आतून कारकुनाने पुकारलं, "त्रेपन्न!" साहेबांच्या मुठीत त्याच नंबरचा बिल्ला होता.

"साब, तुमचा नंबर आला."

"त्रेपन्न! त्रेपन्न कोण हाय?"

साहेबांनी वळून पाहिलं नाही.

"पाचला पोचायचं तर इथनं कितीची गाडी धरावी लागंल रं?" त्यांनी विचारलं.