पडद्यांचा रंग

मलकापुरात माझ्या धाकट्या भावानं, राजवीरनं, घर बांधलं. वास्तुशांतीला गेले, तर हॉलच्या बीमला मधोमध तडा दिसला. बावीस वर्षं मी कोल्हापुरात इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करते. यानं मला नकाशासुद्धा दाखवला नव्हता.

"राजवीर, हा बीम कमी पडलाय. आजच्या आज खाली टेकू लाव."

"आक्का, मिस्त्रीनं शंभर घरं बांधल्यात की! ते सोड. तू इंजिनेर हाईस न्हवं? सांग, पडदं कुठल्या रंगाचं घेऊ?"

भांडायचं त्राण उरलं नव्हतं. "निळं घे," म्हटलं आणि बीमखाली बसलेल्या आईला हाताला धरून उठवलं.

"आई, पिशवी भर. टेकू लागल्याबिगर तू हितं झोपायचं न्हाय."