आतून मूठ नसलेलं दार

दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, स्क्रूची चार भोकं होती. मूठ नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने तपासण्याची सवय असलेल्या तिने वाकून पाहिलं. भोकांखाली लाकडावर बारीक ओरखडे होते, सगळे वरून खाली.

"सिनेमातलं खरं दार!" तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "शूटिंगला हिरोईन खरंच आत अडकली. ओरखडे तिचेच. म्हणून तर इतके जण याच्यावर टपले होते."

ऐंशीच्या दशकातला तो विचित्र विनोदी प्रेमपट तेव्हा साफ आपटला होता. त्यात नायक रुसलेल्या नायिकेला खोलीत कोंडतो, बाहेरून चुटके सांगतो आणि ती हसली की कडी काढतो. आता त्या सिनेमातल्या वस्तूंसाठी संग्राहक जीव टाकत. पिवळा फोन, पिंजरा, छत्री हे सगळं तिच्या या हौशी संग्राहकाने आधीच मिळवलं होतं. दार त्याने लग्नानंतरच्या त्यांच्या खोलीला बसवलं होतं. लग्नाची तारीख मात्र तिच्या 'बघू'वर कधीची अडली होती.

"अहो हिरो," तिच्याबरोबर आलेली मावशी म्हणाली, "मूठ कधी बसवणार? का माझी भाची खिडकीतून ये-जा करणार?"

"मूठ बसवली की दार मातीमोल, मावशी. मूळ वस्तूला हात लावायचा नसतो."

"आणि मूळ माणसाला?"

तो मनापासून हसला. मग तिला म्हणाला, "आत जा ना. एक गंमत."

ती आत गेली. दार लागलं. कडी सरकली.

बाहेरून चुटका सुरू झाला, सिनेमातलाच, शब्दन् शब्द. तिने कपाट उघडलं. आत नायिकेचा निळा झगा टांगलेला होता. तिने तो अंगाला लावून पाहिला. खांदे, कंबर, लांबी, सगळं तिच्याच मापाचं. शिवण नवी होती. माप तिने कधीच दिलं नव्हतं.

"अहो, पुरे आता. उघडा," मावशीचा आवाज.

"ती हसली की उघडतो." दुसरा चुटका. तिसरा. आवाज तसाच गोड.

तिने दार ओढायला बोटं टेकवली. नखं बरोबर त्या ओरखड्यांत बसली.

"सरका बाजूला!" मावशीने कडी ओढली.

दारात तो उभा होता, हिरमुसला. "हसली का नाहीस? बरं, ते जाऊ दे. तारीख पुढच्या महिन्यातली धरू ना?"

तिने झगा त्याच्या हातात दिला आणि उंबऱ्याबाहेर आली.

"नाही. मी तुझ्याशी लग्न करणार नाही."