मादीस प्रवेश नाही

"गालगुंड," काचेला नाक लावून सोमा कंपाउंडर म्हणाला. "हनुवटीखाली बघा, केवढं फुगलंय. दवाखान्यात अशी रोज चार पोरं येतात."

"माशाला गालगुंड?" सावळीराम पगारेंचा चेहरा उतरला.

"आफ्रिकेचा मासा हो. तिकडं काहीही होत असेल."

सोमानं गळ्याला लेप लावायला सांगितला. पाण्यात लेप टिकणार कसा, ते मात्र सांगितलं नाही. माशांचं प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं आणि तालमीतला सगळ्यात देखणा पैलवान, निळ्या, दोन आठवडे उपाशी.

तालीम म्हणजे पगारेंची माशांची टाकी. आधी तिच्यात गप्पी होते. त्यांना इतकी पिल्लं झाली की बादल्या भरल्या, घंगाळ भरलं, शेवटी पुरणाचं पातेलंही गेलं. तेव्हा त्यांच्या बायकोनं, लताबाईंनी निकाल दिला, "यापुढं या घरात एक जरी पिल्लू दिसलं, तर टाकी विकून मी शिलाई मशीन आणणार."

पगारेंनी गप्पी वाटून टाकले आणि मुंबईहून सिक्लिड जातीचे आफ्रिकन मासे आणले. फक्त नर. बाई नाही तर बाळंतपण नाही, असा साधा हिशोब. दुकानदारानं खूणही सांगितली होती, "भुरकट ती मादी, रंगीत तेवढा नर." पगारेंनी आठ भडक रंगाचे निवडले आणि टाकीवर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली : 'नर तालीम. मादीस प्रवेश नाही.'

त्या आठांत पिवळ्या नावाचा एक गडी होता. तो निळ्याभोवती दिवसभर थरथरत गोल फिरायचा.

"जोर काढतायत," पगारे कौतुकानं म्हणायचे.

"असला जोर बघितलाय मी," लताबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या.

आता निळ्या तोंड मिटून कोपऱ्यात बसला, तेव्हाही त्यांनी एकदाच वाकून पाहिलं. "अहो, बाळंतीण आहे ती."

"अगं, पैलवान आहे तो!"

"घरात सगळे जेवत असताना उपाशीपोटी तोंड मिटून कोण बसतं, ते मला नका सांगू. तीन बाळंतपणं काढलीत मी."

पगारेंनी लक्ष दिलं नाही. या प्रदर्शनावर त्यांनी जीव टाकला होता. गेली अठरा वर्षं ते पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर घ्यायची, रस्त्यातलं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा. पाणी आलं तर ते नळाला आलं. नाही आलं तर पगारेंनी सोडलं नाही. त्यात इंदिरानगरच्या त्यांच्या गल्ल्यांना पाणी बोअरचं. बादलीला पांढरे थर बसायचे, साबणाला फेस यायचा नाही.

"ओ पगारे!" गल्लीतल्या भागीबाई रोज हंडा आपटून ओरडायच्या. "सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणटणीत! काय टाकता काय पाण्यात?"

जसं काही ते पाणी पगारेच रात्री घरी बनवत होते. आयुष्यात एकदा तरी आपल्या पाण्यासमोर माणसांनी रांग लावावी आणि ती भांडायला नसावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

प्रदर्शनाच्या दिवशी टाकी हातगाडीवर निघाली आणि पैलवान दुधाच्या किटलीत. फॉर्मवर आठ नर लिहिले होते, म्हणून गालगुंडवालाही बरोबर घेतला. नाशिकच्या रस्त्यांनी पैलवानांना पुरतं घुसळून काढलं.

हॉलमध्ये शेजारची टाकी गोटीरामशेठची. शेठचं माशांचं दुकान होतं आणि टाकीत गंगेचं, म्हणजे गोदावरीचं पाणी, तेही तीनदा गाळलेलं. त्यांचेही मासे आफ्रिकनच, पण उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखे विटलेले. पगारेंचे मात्र नव्या छापाच्या नोटांसारखे करकरीत.

परीक्षक आले. मत्स्य खात्यातून निवृत्त झालेले साहेब, चष्मा नाकाच्या टोकावर. मागं अर्धी कॉलनी, पुढं भागीबाई. साहेबांनी पाटी मोठ्यानं वाचली, "मादीस प्रवेश नाही."

नेमकं तेव्हाच निळ्यानं तोंड उघडलं.

आतून एक पिल्लू आलं. मग दुसरं. मग भसाभस वीस-बावीस.

"पैलवान बाळंत झाला हो!" गोटीरामशेठ किंचाळले. हॉल हसून लोळायला आला. भागीबाईंनी पदर तोंडात कोंबला. पगारेंनी टोपी काढून पाटीवर धरली, पण पाटी टोपीपेक्षा मोठी होती. टाकी गेली, मशीन आली, आणि उद्यापासून गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, हे त्यांना उभ्या उभ्या दिसलं.

साहेब एकटेच हसले नाहीत. त्यांनी काचेवर हलकं बोट वाजवलं. त्यासरशी सगळी पिल्लं वळली आणि आईच्या तोंडात शिरली. तोंड मिटलं. मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"पाणी कुठलं?" साहेबांनी विचारलं.

अठरा वर्षांच्या सवयीनं पगारेंच्या तोंडून निघून गेलं, "वर कळवलंय साहेब. आठ दिवसांत होईल."

"अहो, तक्रार नाही! हे मासे खडकाळ तळ्यातले, पिल्लं तोंडात वाढवणारे. यांना क्षारांचं जड पाणीच लागतं. लोक शिंपल्याचा चुरा टाकून दमतात. आपल्याकडं कुणाच्या टाकीत यांची पिल्लं झालेली मी तरी पाहिली नाहीत. तुम्ही काय टाकता?"

"काही नाही साहेब. नळाचंच आहे. डाळ शिजत नाही त्यात."

"शिजूच नये!" साहेब आनंदानं ओरडले. "आणि या जातीत उलटं असतं. निळी ती मादी, पिवळा तो नर. तुम्ही चांगलं जोडपंच आणलंत."

"मी सांगत होते," मागून लताबाईंचा आवाज आला.

पहिलं बक्षीस पगारेंना. संध्याकाळपर्यंत हॉलच्या दारापर्यंत रांग होती. बोट वाजलं की पिल्लं आत, थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. रांगेत भागीबाई दोनदा उभ्या राहिल्या. जाताना गोटीरामशेठनं खाली बघत विचारलं, "पगारे, एक कॅन पाणी मिळेल का?"

"अर्ज करा," पगारे म्हणाले. "आठ दिवसांत होईल."

घरी आल्यावर लताबाईंनी डिंकाच्या लाडवाचा कण टाकीत सोडला.

"अगं, पाणी खराब होईल!"

"त्या पाण्याचं काय खराब व्हायचं राहिलंय?"

"आणि... मशीनचं?"

"राहू दे. बाळंतिणीला घराबाहेर काढत नाही कुणी." त्यांनी पाटी उतरवली आणि पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पगारेंनी नेहमीसारखी चावी फिरवली. नळ खाकरला, पाणी आलं. भागीबाईंनी हंडा भरला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

उचलण्याआधी त्यांनी हंड्यात एकदा वाकून पाहिलं.