मधली शिवण

माझे होणारे सासरे बंदरावर क्रेन चालवतात, त्यांचा पंजा आमच्या दुकानातल्या इस्त्रीएवढा आहे आणि ते घागरा घालतात. त्याला घागरा म्हणायचं नाही, हे त्यांच्या मुलीनं मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. ‘घेर’ म्हणायचं. त्यांच्या लोकांत पुरुषाचा घेर जेवढा मोठा, तेवढा पुरुष मोठा. लग्न ठरवायला मुलगा घेर घालून येतो, सासऱ्यांपुढे मांडी घालतो, आणि कापड चहूबाजूंनी गोल पसरलं तर मुलगी त्याची.

“आणि नाही पसरलं तर?”

“आजवर सगळ्यांचं पसरलंय,” ती म्हणाली. त्यामुळे माझी झोपच उडाली.

शिवायचं काम बाबांकडे आलं, कारण बाबा शिंपी आहेत आणि मला फुकट पडतात. उभ्या आयुष्यात त्यांनी पँटी सोडून काही शिवलं नव्हतं. टेबलावर पसरलेल्या कापडाकडे ते असे बघत होते, जणू कुणीतरी प्रेताची ओळख पटवायला बोलावलंय.

“बाबा, त्यांच्यातले सगळे पुरुष घालतात.”

“घालू देत. पण त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता आपल्यातून जातो.”

हे मात्र खरं होतं. आमच्या दुकानासमोर, पुलाच्या तोंडाशी कठड्यावर काही पोरं बसलेली असतात. बसणं हाच त्यांचा उद्योग. मध्यंतरी घेर घातलेला एक सुतार तिथून चालला होता. आधी शिट्ट्या झाल्या, मग ढकलाढकली. तो पळायला गेला, चुण्या पायांत अडकल्या आणि तो पडला. पुढचं बाबांनी पाहिलं. त्याबद्दल ते बोलत नाहीत. शटर मात्र तेव्हापासून उजेड असतानाच ओढतात.

ठरल्या दिवशी बाबांनी मला घेर स्वतःच्या हातानं चढवला, शाळेत असताना गणवेश चढवायचे तसा. “हलू नकोस,” म्हणाले आणि माझा एकेक पाय उचलून आत घातला; घेर असाच घालत असतील, असं मला वाटलं. आम्ही टॅक्सीनं निघालो, काचा वर करून. कठडा आला तेव्हा मी सीटखाली वाकून बूट शोधत होतो. बूट पायातच होते.

सासऱ्यांच्या खोलीत पुरुष भिंतींना टेकून बसले होते. प्रत्येकाच्या डोळ्यांत काजळ, कानामागे फूल. सांगताना हे गोड वाटतं. तिथे कुणीही हसत नव्हतं, आणि फुलांचा वास मयताच्या घरी येतो तसा येत होता. ती दाराआड उभी होती.

“बस,” सासरे म्हणाले.

मी मांडी घातली. घेर पसरला नाही. माझे दोन गुडघे दोन वेगवेगळ्या कापडांतून वर आले. मी हळूच चाचपून पाहिलं. मध्ये शिवण होती. दुहेरी टाक्याची, मरेपर्यंत न उसवणारी, आमच्या दुकानाची खासियत. चुण्यांच्या आड बाबांनी मला पँट शिवली होती.

सासरे उठून उभे राहिले. तेवढा माणूस उठायला वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ मला बघावा लागला.

“हे काय?”

“पँट,” मी म्हणालो. खोटं सुचलं असतं तर बोललो असतो.

“आमच्यात मधे शिवलेलं कोण घालतं, ठाऊक आहे? ज्याला पळायचंय तो! पाय रोवून उभं राहणाऱ्याला शिवण कशाला लागते? माझ्या पोरीला टाकून पळायच्या तयारीनं आलायस?”

“मी शिवली,” बाबा म्हणाले. आवाज चिरका येत होता. “त्याला यातलं काहीच माहीत नाही. आणि पळता यावं म्हणूनच शिवली, साहेब. तुमचा सुतार माझ्या दुकानासमोर पडला. त्याला पळता आलं असतं तर मारातून वाचला असता. मी... मी शटर ओढून घेतलं.”

भिंतीशी बसलेल्या एकाचा हात गळ्यात बांधलेला होता. तो मला आत्ता दिसला.

“आवाज ऐकला होता मी शटरचा,” तो म्हणाला. एवढंच.

मग सासरे म्हणाले, “मास्तर, उसवा.”

बाबांच्या खिशात ब्लेड कायम असतं. ते माझ्या गुडघ्यांमध्ये वाकले.

“हलू नकोस.”

“बाबा, तुमचा हात थरथरतोय.”

“म्हणून तर सांगतोय, हलू नकोस!”

टाके एकेक करून तुटले आणि कापड गोल पसरलं. दाराआडून “पसरला!” ऐकू आलं. सासऱ्यांनी मान डोलावली. मी श्वास सोडला, तो जरा लवकरच.

“आता चालत जायचं. जावई आमच्या दारातून चालतच निघतो. लोकांनी बघायला हवं.”

“खाली टॅक्सी थांबलीय, काका. मीटर चालू आहे.”

“पाठवून दिली.”

पुलावर माझ्या एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला बाबा आणि मागे सुतार. “सावकाश,” सासरे म्हणाले, “घेर वाजला पाहिजे.” तो छान वाजत होता. दूरवरून ऐकू जात असावा, कारण कठड्यावरची पोरं एकेक करून खाली उतरली.

सासऱ्यांनी कानामागचं फूल नीट केलं. आमच्यात पळता येईल असे कपडे एकट्या बाबांचे होते. त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं होतं आणि ते सोडत नव्हते.